एका लाडवाने काय होतंय?

(मंडळाच्या यंदाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तिकडे किचनमध्ये मसाला दूध उकळतंय, वेलदोड्याचा वास इथपर्यंत येतोय, आणि अशा वेळी कमिटीने मला सणासुदीच्या खाण्यावर बोलायला उभं केलंय. लग्नाच्या पंगतीत उपवासाचं महत्त्व सांगण्यातला हा प्रकार आहे. तेव्हा दूध थंड व्हायच्या आत मी खाली बसेन, हे आधीच कबूल करतो.

दुसरं म्हणजे मी डॉक्टर नाही. आपल्या मंडळात खरे डॉक्टर बरेच आहेत, त्यातले दोघे पहिल्याच रांगेत बसलेत, आणि मला त्यांचीच जास्त धास्ती आहे. मी कॉम्प्युटर इंजिनियर. दुसऱ्यांच्या सिस्टिममधले बिघाड शोधून देणं हा माझा धंदा. मध्यंतरी बिघाड माझ्याच सिस्टिममध्ये निघाला, त्याची ही हकिकत.

पण सुरुवात माझ्या बाबांपासून करावी लागेल.

२०२२ च्या दिवाळीला आई-बाबा सांगलीहून इकडे न्यू जर्सीला आले होते. बाबांना पंधरा वर्षांचा डायबेटिस. गोळ्या वेळेवर, सकाळचं फिरणं नियमित, जेवण मोजकं. मी मोठ्या हौसेने त्यांना सगळ्या मित्रांकडे फिरवलं. दिवाळीनंतरच्या शनिवारी एका दिवसात तीन घरं झाली. पहिल्या घरी बाबा म्हणाले, "नको गं, मला साखर आहे." त्यावर उत्तर आलं, "अहो काका, एका लाडवाने काय होतंय? आणि तूप घरी कढवलेलं आहे!" बाबांनी लाडू घेतला. दुसऱ्या घरी करंजी झाली. तिसऱ्या घरी बासुंदी, "निदान चव तरी बघा" म्हणून भरलेली वाटी. रात्री आम्ही घरी आलो. माझ्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा अनारसे केले होते आणि ते चक्क जाळीदार झाले होते. मी बाबांच्या हातात एक अनारसा ठेवला आणि म्हणालो, "बाबा, हा एक घ्याच. तुमच्या सुनेने केलाय."

रात्री अकराच्या सुमाराला बाबांच्या घशाला कोरड पडायला लागली. पाणी प्यायले तरी तहान जाईना. मीटर काढलं तर साखर ३४८. इथला इन्शुरन्स, व्हिजिटर पॉलिसी, त्यातून आधीचे आजार वगळलेले, हे सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर नाचलं, हे आज लाज न बाळगता सांगतो. ओळखीच्या डॉक्टरांना मध्यरात्री फोन केला. त्यांनी काय बघायचं, किती वेळाने मोजायचं आणि काय झालं तर सरळ इमर्जन्सीत न्यायचं ते सांगितलं. पहाटेपर्यंत आकडा २१० वर आला. नशीब आमचं.

सकाळी चहा पिताना बाबा एवढंच म्हणाले, "लोकांच्या घरी किती वेळा नाही म्हणायचं रे? आणि तू तर घरचाच. तूसुद्धा ऐकलं नाहीस."

मंडळी, त्या तीन घरांतल्या वहिनींवर माझा काडीचाही राग नाही. चौथा घास माझ्या हातचा होता.

आता माझा बिघाड. २०२३ च्या जानेवारीत वार्षिक तपासणीत माझी एच-बी-ए-वन-सी आली ६.२. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. त्यामुळे ही तपासणी कालचा उपास बघत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते. आमच्या भाषेत ही लॉग फाइल, आणि ती डिलीट करता येत नाही. आकडा ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे आत. म्हणजे मी उंबरठ्यावर बऱ्यापैकी आतल्या बाजूला उभा होतो.

माझा विश्वासच बसेना. मी काही जाडा नाही. उंची पाच फूट आठ, वजन ७१ किलो, बीएमआय २३.८. गोऱ्या सहकाऱ्यांत तर मी बारीकच दिसतो. पण अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २३ पासूनच करावी असं सांगितलंय. इतरांसाठी ती रेषा २५ ची आहे. आपली चरबी पोटात साठते आणि कमी वजनालाही त्रास देते. इथे बसलेल्या पस्तिशी-चाळिशीतल्या, आई किंवा वडिलांना साखर असलेल्या आणि "मी तर फिट आहे" म्हणणाऱ्या मंडळींनी एवढी एक तपासणी करून घ्या. बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल.

इंजिनियरला आजार झाला की तो आधी काय करतो? एक्सेल शीट उघडतो. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. त्या दिवसापासून १ जानेवारीपर्यंत, म्हणजे ५१ दिवस, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट मी लिहून काढली. बायको म्हणाली, "एवढं लक्ष ग्रोसरीच्या यादीकडे दिलं असतंस तर!" असो.

मला वाटलं होतं, गुन्हेगार निघणार दिवाळी पहाटेचा फराळ, थँक्सगिव्हिंगचं पॉटलक आणि थर्टी फर्स्टची पार्टी. पण मोजून बघितलं तर ५१ दिवसांत खरे सणाचे, पाहुण्यांचे, पार्टीचे दिवस निघाले ९. उरलेल्या ४२ दिवसांत मी जे खाल्लं होतं, ते काही सणाचं नव्हतंच. ते होतं उरलेलं. हॅलोविनची पोरांना नको झालेली कँडी लोक आणून ऑफिसात ठेवतात, ती येताजाता. ब्रेकरूममधला कुणाचा तरी पंपकिन पाय. व्हेंडरकडून आलेला कुकीजचा डबा. आणि सगळ्यांत वरचा नंबर कुणाचा, तर चिवड्याचा!

कसा ते ऐका. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पुण्याचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्या रात्रीचे अकरा. पुण्याच्या टीमबरोबरचा माझा रोजचा कॉल तेव्हा असतो. कॉल सुरू, मी म्यूटवर, एका हातात फोन आणि दुसरा हात पँट्रीतल्या चिवड्याच्या डब्यात. उभ्याने. अर्ध्या तासात किती मुठी जातात ते कळतसुद्धा नाही. एकदा तर "तुम्हाला काय वाटतं?" असा प्रश्न आला आणि तोंडात तळलेलं खोबरं! त्या चिवड्याची चव मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. ज्या चिवड्यासाठी बायकोने शनिवारची अख्खी दुपार पातळ पोहे भाजण्यात घालवली, तो मी असा खाल्ला.

तेव्हा आजोबांची आठवण आली. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे, चार शितं बाजूला काढून चित्राहुती घालायचे, मग पहिला घास. आम्ही पोरं हसायचो. त्यातल्या धर्माचा भाग ज्याचा त्याने ठरवावा, पण त्या अर्ध्या मिनिटात माणूस ताटाकडे बघायचा, समोर काय आहे, किती आहे हे त्याला कळायचं. आता इथे 'माइंडफुल ईटिंग'चे क्लास निघालेत, पैसे भरून. आणि आमची आजी फराळाचे डबे फडताळात कुलपात ठेवायची. बशीत एक लाडू, दोन करंज्या, मूठभर चिवडा. वर हवं असेल तर मागायचं. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरच होती ती! माझ्या पँट्रीला कुलूप नाही आणि ओक ट्री रोडवर चकली बाराही महिने मिळते.

लाडवाचंही गणित मी केलं. आमच्याकडे २५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम तूप आणि २०० ग्रॅम पिठीसाखर यांचे वीस लाडू होतात. लाडवामागे दहा ग्रॅम साखर, म्हणजे अडीच चहाचे चमचे, आणि एकूण दीडशेच्या आसपास कॅलरी. गंमत अशी की त्यातल्या जेमतेम चौथा हिस्सा साखरेच्या. बाकी सगळं बेसन आणि तूप. म्हणजे हल्ली "शुगर-फ्री आहेत, कितीही खा" म्हणून जे लाडू पुढे केले जातात, त्यातलं तूप काही कुठे गेलेलं नसतं. गुळाच्या लाडवाबद्दलही माझं हेच मत आहे. गूळ आवडतो म्हणून जरूर खावा, औषध म्हणून नव्हे.

तर मग खरंच एका लाडवाने काय होतं? प्रामाणिक उत्तर: फारसं काही होत नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००० साली एक अभ्यास छापून आला होता. इथल्या १९५ माणसांची थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून न्यू इयरनंतरपर्यंत वजनं केली. लोकांना वाटत होतं, आपण दोन-चार पौंड वाढलो. प्रत्यक्षात सरासरी वाढ निघाली ३७० ग्रॅम. पाऊण किलो चिवड्याच्या पाकिटाच्या निम्मी! मी वाचून खूश झालो. पण पुढे लिहिलं होतं, वाढलेलं वजन नंतरच्या वसंतात-उन्हाळ्यात उतरलं नाही. याला आम्ही मेमरी लीक म्हणतो. प्रोग्रॅम रोज थोडीशी मेमरी घेतो आणि परत करत नाही. एक दिवस सर्व्हर बसतो, आणि सगळे विचारतात, काल तर चालू होता की!

मग आम्ही काय बदललं? फराळ बंद नाही केला. तो बंद केला तर दिवाळी कसली? पण घाणा चौथाई केला. दोन मैत्रिणींशी वाटून घेतलं: एकीकडे चकल्या, एकीकडे करंज्या, आमच्याकडे लाडू-चिवडा. आठवड्यात डबे रिकामे. चिवडा खायचा तर वाटीत घेऊन, खुर्चीवर बसून, आणि कॉलवर अजिबात नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत जड गेला. पॉटलकमध्ये मी आधी कोशिंबीर, उसळ, पनीर असं खातो, पुरी-भाताकडे नंतर वळतो; या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतर साखर कमी चढते, हे तपासून बघितलं गेलंय, आणि माझ्या मीटरवरही दिसलं. जेवणानंतर शतपावली. डिसेंबरात बाहेर हाडं गोठतात, म्हणून मी बेसमेंटमध्ये वॉशर-ड्रायरभोवती प्रदक्षिणा घालतो. मुलं व्हिडिओ काढतात. काढू देत.

आणि एक विनंती, ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून आपल्या मनाने काही कमी-जास्त करू नका. साखर एकदम खाली जाणंही धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना विचारा.

सगळ्यांत अवघड काम मात्र खाण्याचं नव्हतं, बोलण्याचं होतं. वर्षभर मी मंडळात कुणालाच सांगितलं नाही. गुलाबजाम पुढे आला की "ॲसिडिटी झालीय" म्हणायचो. साखरेपेक्षा ॲसिडिटी अब्रूदार वाटायची! २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, दुहेरी संकट. त्या आठवड्यात एका घरी मी पहिल्यांदा सरळ म्हणालो, "वहिनी, माझी साखर वाढलीय, मी एकच अर्धा घेतो." त्या क्षणभर थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, ह्यांचीही ६.८ आहे. कुणाला सांगू देत नाहीत." तिथून पुढे अर्धा तास आम्ही तिघं औषधांबद्दल बोलत बसलो. त्यानंतर अजून चार घरांतून असंच कळलं. आपण एकमेकांना आग्रह करत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो.

आग्रह ही आपली माया आहे, मला मान्य. परक्या देशात तर ती जास्तच हवी असते. पण पाहुण्याने एकदा नको म्हटलं की दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा नको. आणि ताट वाढून हातात देण्याऐवजी मधे ठेवा, ज्याचं तो घेईल. आमच्या घरी आता लाडू लिंबाएवढे वळतो. आईने फोनवर बघून "हे काय, गोट्या खेळायच्यात का?" असं विचारलं होतं.

माझा आकडा सध्या ५.८ आहे. म्हणजे उंबरठ्यावरच, पण बाहेरच्या बाजूला. बाबा या दिवाळीला परत येताहेत. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "सूनबाई अनारसे करणार ना?" मी म्हटलं, करणार. तुम्हाला अर्धा आणि मला अर्धा, सकाळी, फिरून आल्यावर. जरा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खसखस लागलेला अर्धा माझा."

दूध आलेलं दिसतंय. माझा पेला अर्धाच भरा, आणि पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांना काही प्रश्न विचारायचे असतील तर ते पळून जायच्या आत विचारून घ्या.