प्रबंध, परीक्षक आणि पदवी

पीएच.डी.चा प्रबंध केव्हा पुरा झाला असे समजावे, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी एक देतो आणि विद्यापीठ दुसरे. शेवटचे प्रकरण लिहून झाले, संदर्भसूची जुळली, टंकलेखन आणि बांधणी उरकली, मार्गदर्शकांची प्रमाणपत्रावर सही झाली, की विद्यार्थ्याच्या लेखी काम संपते. विद्यापीठाच्या लेखी ते तेव्हा सुरू होते. विद्यार्थ्याने मांडलेले म्हणणे, ते मान्य नसलेल्या जाणकारापुढे टिकते की नाही, हे विद्यापीठाला पाहावयाचे असते. प्रबंध ‘सादर करणे’ या साध्या शब्दप्रयोगात एवढा अर्थ भरलेला आहे आणि आजच्या व्याख्यानात त्याचाच विचार करावयाचा आहे.

नियमांची पुस्तके वाचून हा अर्थ सहसा उमगत नाही. एखाद्या प्रबंधाची हकीकत मुळापासून पाहिली म्हणजे तो उमगतो. अशी एक हकीकत आपल्याच देशातील एका अभ्यासकाची आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथील विद्यापीठांना डॉक्टरेटसाठी दोन प्रबंध सादर केले. पहिल्याची पदवी हाती येण्यास अकरा वर्षे लागली. दुसरा परीक्षकांकडून दुरुस्तीसाठी परत आला. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आंबेडकरांना सारा देश ओळखतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्यांनी जे सोसले आणि जे साधले, त्याची माहिती मात्र त्या मानाने थोड्यांनाच असते.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची होती. १९१५ साली त्यांनी एम.ए. केले आणि जून १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय लाभांशाचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक अभ्यास हा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहार आणि करपद्धती या विषयांतील त्या काळचे मोठे अधिकारी मानले जात. प्रबंध स्वीकारला गेला. तथापि पदवी लगेच मिळाली नाही. कोलंबियाचा नियम असा होता की, प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे जमा केल्यावाचून पदवी बहाल करावयाची नाही.

हा नियम आज चमत्कारिक वाटतो, पण त्यामागे एक परंपरा होती. संशोधनासाठी डॉक्टरेट देण्याची पद्धत अमेरिकेने जर्मनीकडून उचलली. येल विद्यापीठाने १८६१ साली अमेरिकेतील पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या, आणि पदवीबरोबर प्रबंध छापण्याची जर्मन चालही पुढे अनेक अमेरिकी विद्यापीठांत रूढ झाली. पदवीधराने ज्ञानात भर घातली असे विद्यापीठ जाहीर करणार, तर ती भर इतरांना पाहावयास मिळाली पाहिजे. कपाटात कुलूपबंद राहिलेल्या ज्ञानाला भर कसे म्हणावयाचे? युक्तिवाद निर्दोष होता. फक्त छपाईचे बिल विद्यार्थ्याच्या नावे निघत असे! घरचे सधन असतील त्यांना हा नियम जाचत नसे. शिष्यवृत्तीच्या पैशांतून घरी पैसे पाठवणाऱ्या आणि उरलेल्यातून पुस्तके घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ वेगळा होता.

ऑक्टोबर १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इन येथे कायदा असा दुहेरी अभ्यास त्यांनी आरंभला. पण शिष्यवृत्तीची वाढवून घेतलेली मुदत संपली आणि १९१७ च्या मध्यास त्यांना परतावे लागले. महायुद्धाचे ते दिवस. ते स्वतः एका बोटीने निघाले, त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या बोटीने निघाला. आणि ती दुसरी बोट पाणतीराने बुडाली. संशोधकाची पुस्तके जातात तेव्हा पुस्तकांच्या समासांत केलेल्या खुणा आणि त्या खुणांवर आधारलेली वर्षांची जुळवाजुळवही जाते. विद्यापीठाने एवढी सवलत दिली होती की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन त्यांनी आपला अभ्यास पुरा करावा.

मुदत हा प्रबंधाच्या व्यवहारातील सर्वांत निष्ठुर भाग होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत नोंदणीपासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा काळ ठरविला आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. कागदावर हे पुरेसे वाटते. पण नोकरी करणारा शिक्षक किंवा घर सांभाळणारी स्त्री यांच्या दिवसातला कोणता तास संशोधनाचा, याची नोंद कोणत्याही नियमावलीत नसते.

आंबेडकरांची चार वर्षे कशी गेली? बडोद्याच्या नोकरीत जातीमुळे राहण्यास जागा मिळेना म्हणून त्यांना ती सोडावी लागली. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकविले आणि पगारातून पैसे बाजूला टाकले. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांची भर पडली. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिस येथील ग्रंथालये उघडल्यापासून बंद होईपर्यंत बैठक मारून त्यांनी जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळविली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध सादर केला.

या प्रबंधाचा विषय थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्याशिवाय पुढचा प्रसंग कळावयाचा नाही. १८३५ च्या कायद्याने चांदीचा रुपया हे ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रमाण नाणे ठरले. पुढे चांदीचा भाव घसरत गेला, तसतसा रुपयाचा सोन्याशी असलेला दर ढासळू लागला. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा राखला. देशात सोन्याचे नाणे न चालवता केवळ परदेशी हुंडणावळीपुरता रुपया सोन्याशी बांधून ठेवण्याची जी पद्धत त्यातून निर्माण झाली, ती सुवर्ण विनिमय परिमाण या नावाने ओळखली जाते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात तिची प्रशंसा केली होती. आंबेडकरांचे म्हणणे नेमके उलट होते. हुंडणावळीचा दर स्थिर राहिला म्हणून रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहिली असे होत नाही; आणि नाणी किती पाडावयाची हे सरकारच्या मर्जीवर सोडले, तर महागाईचा भार सामान्य माणसावर पडतो. म्हणून रुपयाच्या निर्मितीला कायमची मर्यादा घालावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

साम्राज्याच्या राजधानीत, साम्राज्याच्या चलननीतीवर, एका भारतीय विद्यार्थ्याने केलेली ही टीका होती. मार्च १९२३ मध्ये प्रा. एडविन कॅनन यांनी आंबेडकरांना लंडनला बोलावून घेतले. परीक्षकांना प्रबंध जसाच्या तसा मान्य नव्हता. निष्कर्ष बदलण्याची गरज नाही, पण मांडणी नव्याने करावी, अशी त्यांची सूचना असल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे.

निष्कर्ष कायम ठेवून मांडणी बदलणे, यापेक्षा अवघड दुरुस्ती प्रबंधलेखनात दुसरी नाही. निष्कर्षच चुकला असेल तर तो सोडून देता येतो. भाषा अशुद्ध असेल तर ती सुधारता येते. पण म्हणणे बरोबर असूनही ते वाचणाऱ्याला पटत नसेल, तर लेखकाला प्रत्येक पायरीवर थांबून पाहावे लागते की, ही पायरी पुराव्याची आहे की रागाची. राग न्याय्य असला तरी परीक्षकाला तो पुरावा म्हणून चालत नाही. येथे दोन मोह पडतात. पदवीसाठी म्हणणेच मवाळ करून टाकावे, हा एक. आणि परीक्षक पूर्वग्रहदूषित आहेत असे म्हणून प्रबंध उचलून घरी न्यावा, हा दुसरा. दुसरा मोह अधिक मानी दिसतो, इतकेच.

आंबेडकरांपाशी आता पैसे उरले नव्हते. लंडनमध्ये राहून दुरुस्ती करणे शक्य नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले. एकीकडे संसार, वकिलीची जुळवाजुळव आणि कर्जाची चिंता. दुसरीकडे परत आलेला प्रबंध. अशा स्थितीत त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईहून लंडनला रवाना केला. नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला आणि डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने काढला. मुद्रिते तपासण्याचे कंटाळवाणे काम विल्सन कॉलेजातील प्रा. वाडिया यांनी केले. प्रस्तावनेत त्याबद्दल आभार आहेत. प्रबंधाच्या आभारात अशी नावे नेहमी शेवटी येतात, पण ती माणसे नसती तर किती प्रबंध वेळेवर निघाले असते हा प्रश्नच आहे.

या पुस्तकाला कॅनन यांनी लिहिलेला पुरस्कार प्रत्येक मार्गदर्शकाने वाचावा असा आहे. आंबेडकरांचे या चलनपद्धतीशी असलेले वैर आपल्याला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असे ते तेथे उघड सांगतात. तरीही जेथे लेखक चुकतो असे वाटले तेथेसुद्धा त्याच्या विचारांतील ताजेपणा जाणवला, आणि व्यवहारात त्याने सुचविलेला उपाय बहुधा बरोबर असावा, अशी कबुली ते देतात. आंबेडकरांनीही आपल्या प्रस्तावनेत कॅनन यांच्या कठोर तपासणीने आपण अनेक चुकांपासून वाचलो असे नमूद केले आहे. शिष्य गुरूची री ओढत नाही आणि गुरू शिष्याला आपल्या मतासाठी अडवीत नाही, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडील सध्याच्या व्यवस्थेत मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात. त्यांचे अभिप्राय अनुकूल आले तरच मौखिक परीक्षा होते. एकाने नकार दिल्यास पर्यायी परीक्षकाकडे प्रबंध पाठवावा लागतो. प्रबंध हाती आल्यापासून सहा महिन्यांत विद्यापीठाने सारी प्रक्रिया पुरी करावी, असेही २०२२ च्या नियमावलीत म्हटले आहे. नियम चांगले आहेत. पण कॅननसारखा, न पटणारे वाचून त्यातले मोल ओळखणारा परीक्षक नियमाने निर्माण होत नाही. बाहेरचा परीक्षकही ओळखीतलाच निवडावा, ही प्रवृत्ती म्हणूनच विद्यार्थ्याच्या हिताची नाही. सौम्य अभिप्रायाने पदवी मिळते, चूक मात्र प्रबंधातच राहते.

राहिला तो कोलंबियाचा प्रश्न. छापील प्रती जमा करण्याचे ते जुने बंधन आता आपल्याकडे वेगळ्या रूपाने आले आहे. आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात अशा प्रती ठेवल्या जातात आणि त्या कोणालाही विनामूल्य वाचता येतात. नागपूरचा प्रबंध गुवाहाटीत बसून वाचता येतो, आणि म्हणून उचलेगिरीही तेथे बसून पकडता येते. विद्यार्थ्याला छपाईचा खर्च राहिलेला नाही; उत्तरदायित्व मात्र तेच आहे, किंबहुना वाढले आहे.

आंबेडकरांना ही सोय नव्हती. १९१६ सालच्या कामातून वाढवीत आणलेला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासाचा ग्रंथ त्यांनी १९२५ साली त्याच लंडनच्या प्रकाशकाकडून छापून घेतला. त्यात १८३३ पासूनच्या केंद्रीकरणाचा आणि पुढे प्रांतांकडे आलेल्या आर्थिक अधिकारांचा इतिहास आहे. पुरस्कार सेलिग्मन यांचा, आणि अर्पणपत्रिका शिक्षणास साहाय्य करणाऱ्या सयाजीराव महाराजांना. प्रती न्यूयॉर्कला पोचत्या झाल्या आणि जून १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. बहाल केली. तोपर्यंत ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले होते, आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला दोन महिन्यांहून अधिक काळ उलटला होता.