मोदकाची किंमत आणि देशाचे उत्पादन
(गणेशोत्सवातील बालसभेत केलेले भाषण)



दिल्लीत राहणाऱ्यांच्या कानावर ‘जीडीपी’ हा शब्द सारखा पडतो. मराठीत त्याला सकल देशांतर्गत उत्पादन म्हणतात. एका वर्षात देशाच्या हद्दीत ज्या वस्तू आणि सेवा तयार झाल्या, त्यांची ही एकूण किंमत.

ती मोजायची कशी? आपल्या बाप्पांची मूर्तीच घेऊ. समजा, पेणच्या मूर्तिकाराने २०० रुपयांची शाडू माती आणली, मूर्ती घडवून १००० रुपयांना विकली आणि दिल्लीच्या दुकानदाराने ती आपल्याला १६०० रुपयांना दिली. तिन्ही आकड्यांची बेरीज २८०० होते. पण हा हिशोब चुकला, कारण त्यात माती तीनदा मोजली गेली आणि मूर्तिकाराची मेहनत दोनदा. म्हणून प्रत्येकाने किती भर घातली तेवढेच धरायचे: २००, ८०० आणि ६००. झाले १६००.

पुढच्या वर्षी तशीच मूर्ती १७६० रुपयांना मिळाली, तर उत्पादन वाढले का? नाही, भाव वाढला. म्हणून एक आधारवर्ष ठरवून त्या वर्षाच्या भावानेही हिशोब करतात.

आपल्याकडे हा हिशोब प्रथम मांडला तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये आहे, असे त्यांनी दाखवले. मग तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याच्याशेजारी ठेवून विचारले, की कैद्याला मिळते तेवढे तरी रयतेला मिळते का? एका आकड्याने सरकारला जाब विचारला, तो असा.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे आपले धनंजयराव गाडगीळ सदस्य. १९४८-४९ चे माणशी उत्पन्न त्यांनी काढले सुमारे अडीचशे रुपये. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेले धान्यही असल्या हिशोबात धरतात.

आता खरी गंमत. दुकानातून आणलेला मोदक जीडीपीत येतो. आजीने पहाटे उठून वळलेल्या मोदकातले तांदूळ, गूळ, नारळ येतात, पण आजीचे श्रम येत नाहीत! पगारी स्वयंपाकीण धरतात, आई धरत नाहीत. मंडपाच्या कंत्राटदाराचे काम मोजतात, रात्रभर मखर सजवणाऱ्या आपल्या दादा-ताईंचे नाही. पैशाची देवघेव नसली की किंमत ठरवणे अवघड, हे त्याचे कारण.

पण वेळ मोजता येतो. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला २८९ मिनिटे बिनपगारी घरकाम दिसले, तर पुरुषांचे ८८.

तेव्हा मुलांनो, जीडीपी हे मोजमाप उपयोगाचे आहे, पण ज्याची मोजणी होत नाही ते काम कमी मोलाचे असे समजू नका. विसर्जनापर्यंत एक वही करा. घरात कोण किती मिनिटे बिनपगारी काम करते, ते रोज लिहा. स्वतःचेही नाव घाला! आणि वही बाबांना दाखवायला विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!