आधी पक्षी, मग फोटो
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नोकरी, घर आणि वर चाळिशीचा चष्मा, यात हा नवा छंद कुठून लागला, असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. दोन वर्षं झाली, सुट्टीत नाशिकला आले की मी पक्ष्यांचे फोटो काढते. अजून शिकाऊच आहे. म्हणून शिकाऊ माणसाच्या उपयोगाचं तेवढंच सांगते.

लांब जायला नको. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर इथून साधारण ४० किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात शेतीसाठी बंधारा बांधला आणि त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला. इंजिनिअरच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. पण त्याच गाळामुळे उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्ष्यांची सोय झाली. आमच्या भाषेत, एकाचा बग तो दुसऱ्याचं फीचर! १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

आता फोटो. सकाळी लवकर जा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि महागड्या लेन्सनेही फोटो धूसर येतो. सूर्य पाठीशी ठेवा, फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर. उडत्या पक्ष्यासाठी शटर निदान सेकंदाच्या हजाराव्या भागावर हवं. भडक कपडे नकोत. सुरुवात वारकरी, शेकाट्या, हळदीकुंकू बदक यांच्यापासून करा. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. हे नाव एकदा ऐकलं की विसरत नाही.

आता मुख्य गोष्ट. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे लोक भेटतात. थापट्या, तलवार बदक हे पाहुणे हजारो किलोमीटर उडून येतात. हिवाळाभर खाऊन अंगावर साठवलेली चरबी हीच त्यांची परतीची शिदोरी. दर वेळी उगाच उडवलं की त्या शिदोरीतला घास जातो. पक्षी खाणं थांबवून, मान वर करून तुमच्याकडे पाहू लागला की तिथेच थांबा. तो पुन्हा खायला लागला की मग फोटो घ्या. वेळ लागतो, पण चांगला फोटो तोच येतो.

आणि हे ठिकाण नाशिकच्या खालच्या अंगाला आहे. आपण शहरात गोदेत जे सोडतो, ते वाहत तिकडेच जातं. तेव्हा त्या पक्ष्यांची काळजी घरापासूनच सुरू होते.

आपली परदेशातली मंडळी डिसेंबरात घरी येतात. हे पाहुणेही तेव्हा आलेले असतात. येत्या डिसेंबरातला एक रविवार ठरवू या. सर, बाई, तुम्हीही चला. 'शांत बसा' म्हटल्यावर हा वर्ग खरंच शांत बसलेला तुम्हाला एकदा तरी बघायला मिळेल!