जुना वॉलपेपर आणि त्याच्यामागची ओल

आजचा भाग भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. भिंतीवर आधीच्या कुणीतरी लावलेला वॉलपेपर आहे, कडेने सुटलाय, फुगे आलेत, आणि रोज येता-जाता तो कोपरा ओढावासा वाटतो. ओढा, पण दहा मिनिटं थांबून.

आपल्याकडे वॉलपेपर हौसेने लावतात, तसा लपवायलाही लावतात. पोपडे आले, लोणा फुटला, पेंटर परवडत नाही, नवीन भाडेकरू फ्लॅट बघायला येणारेत. मग ऑनलाइन रोल मागवायचा आणि चिकटवून टाकायचा. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एरर आला, तो कॅच केला, आणि कॅच ब्लॉक रिकामा सोडला. वरून सगळं छान चाललंय, आत काय झालंय ते कुणालाच माहीत नाही. म्हणून आधी भिंतीवर तळहात फिरवा. एखादी जागा जास्त थंड लागते का? टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो का? कुबट वास? आणि पलीकडे काय आहे, बाथरूम की पावसाची बाजू?

आता मोबाइल काढा आणि फोटो घ्या. घरमालकाला व्हॉट्सॲप करा: 'काका, वॉलपेपर सुटलाय, मागे ओल वाटतेय, काढून बघू का?' त्यांचं 'हो' लेखी येऊ द्या. फोनवर 'अरे काढ रे' म्हणणारे काका वर्षभराने डिपॉझिटच्या वेळी वेगळे असतात. ॲग्रीमेंटमध्ये दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय तेही याच निमित्ताने वाचा. आपण सह्या करतो, वाचत नाही.

मग काम. व्हिडिओ बघून शिकणार असाल तर एक लक्षात ठेवा, अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक जिप्समच्या बोर्डच्या असतात. आपल्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या, त्यावर प्लास्टर. त्यामुळे भिंतीला भोक पडायची भीती नाही. आपला नाजूक भाग म्हणजे वरचा एक-दोन मिलिमीटरचा पुट्टीचा थर. आणि नवीन इमारतींत आतून सिमेंटऐवजी जिप्सम प्लास्टर असतं, ते पाण्याने मऊ पडतं. म्हणून कपाटामागे, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी वीतभर जागेवर आधी करून बघा. नखाने दाबल्यावर भिंत खडूसारखी निघाली तर पाणी अगदी बेताचं. स्टीमर तर नकोच.

स्टिकरसारखा, मागे गोंद असलेला रोल असेल तर पाण्याचा उपयोग नाही. हेअर ड्रायरने कोपरा गरम करा आणि हळूहळू, भिंतीला जवळजवळ चिकटवूनच मागे ओढा. सरळ आपल्याकडे खेचला की पुट्टीसकट येतो.

खळ लावून चिकटवलेला असेल तर वेगळं. वरचा थर बहुतेक वेळा व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकच. त्यावर कितीही पाणी मारा, आत जात नाही. लोक इथेच चिडून खरवडायला लागतात. आधी तो वरचा थर कोरडाच सोलून काढा. खाली मऊ कागद राहतो. त्यावर कोमट पाणी स्प्रे करा आणि पंधरा मिनिटं काहीही करू नका. चहा घ्या. खळ फुगली की पुट्टीची पट्टी आडवी धरून कागद लोळत येतो. जोर लावावा लागतोय म्हणजे अजून भिजलेला नाही. एका वेळी दोन-तीन फुटांचाच पट्टा भिजवा. आणि हो, स्विचबोर्डच्या आसपास पाणी मारण्याआधी एमसीबी बंद. हे मी गमतीत सांगत नाहीये.

शेवटी स्पंजने उरलेली खळ पुसून घ्या. ती दिसत नाही, पण तिच्यावर रंग दिला की काही दिवसांनी तडे जातात, पापुद्रे सुटतात.

मागे काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. कोरडी घासू नका, सगळी हवेत उडते. मास्क लावा, खिडकी उघडा, ओलं करून पुसा. ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना त्या दिवशी बाहेर पाठवा.

आता खरा प्रश्न, पाणी येतंय कुठून? पंखा लावून भिंत चांगली वाळू द्या, चार-पाच दिवस तरी, नाहीतर आपणच मारलेलं पाणी आपल्याला फसवेल. मग प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवा आणि दिवसभर ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतली दमट हवा, म्हणजे खिडक्या उघडणं आणि कपडे आत न वाळवणं एवढ्यावर भागतं.

भिंतीतून येत असेल तर पेंटर बोलावून उपयोग नाही. रंग पुढच्या पावसात पुन्हा सुटणार. हे तुमच्या खिशातून का जावं? महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरून येणारं पावसाचं पाणी, गच्चीतली गळती, सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. फ्लॅटच्या आतली गळती ज्या-त्या सभासदाने. तुम्ही भाडेकरू, त्यामुळे अर्ज घरमालकाच्या नावाने जायला हवा. पण प्लास्टिकच्या टेस्टचा फोटो, ठिपक्यांचा फोटो, तारखा हे सगळं काकांना तयार करून द्या आणि सेक्रेटरींना पाठवायला सांगा. वरच्या मजल्यावरून पाणी येत असेल तर आधी वर जाऊन शांतपणे बोला, त्यांना बिचाऱ्यांना बहुतेक माहीतच नसतं.

पुट्टी आणि प्रायमर पुढच्या भागात. तोवर तुमच्या वॉलपेपरमागे काय निघालं त्याचे फोटो पाठवा.