फाईलवर फाईल सेव्ह झाली तर?
नायगावहून बोलतोय. परवा लई मोठा घोळ केला. ताईच्या एम.ए.च्या प्रकल्पाची ४० पानांची वर्ड फाईल उघडली, सगळं पुसून त्यातच माझा बायोडेटा टाईप केला आणि सेव्ह! सोमवारी सबमिशन.

वर्ड उघडं असतं तर सेव्हनंतरही कंट्रोल-झेड चाललं असतं. मी बंद करून मोकळा. गुगल ड्राइव्हवर टाकलेल्या वर्ड फाईलच्या जुन्या प्रती साधारण ३० दिवस मिळतात. आमची नुसती डेस्कटॉपवर.

मग आठवलं, ताईने गुरुवारी सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवली होती! चॅटमधली प्रत वेगळी असते, कॉम्प्युटरवर काहीही करा, ती तशीच राहते. ३६ पानं मिळाली. उरलेली ४ पहाटेपर्यंत टाईप केली.

ताई अजून नीट बोलत नाही.