लखोटा आणि त्याची किल्ली



पोस्टकार्डावर घरचे दुखणे कोणी लिहीत नसे. त्यासाठी बंद लखोटाच लागे. आजचा लखोटा कूटलेखनाचा आहे. कुलूप सर्वांना वाटावे, किल्ली मात्र एकट्याजवळ राहावी, ही कल्पना डिफी व हेलमन या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. त्याच तत्त्वावरील आज्ञावली फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये सामान्य माणसाच्या हाती दिली. त्या देशात तेव्हा कूटलेखनाची गणना युद्धसामग्रीत होई! निर्यातबंदी मोडल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी झाली. १९९६ मध्ये ती खटल्यावाचून थांबली.

हेच कुलूप गुन्हेगारही वापरतील, ही शंका रास्त आहे. परंतु तपासासाठी ठेवलेली दुसरी किल्ली चोराच्या हाती पडणार नाही, याची हमी कोणी द्यावी? मला तरी ती देववत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. अर्थात कुलूप भक्कम असून भागत नाही. मध्यंतरी एका कार्यालयाच्या भिंतीवर लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकांसह डकविलेली दिसली. संबंधितांना सांगून मी ती उतरवून घेतली. तोवर ती किती जणांनी टिपून घेतली, कोणास ठाऊक!