शून्याचे धनी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, क्रीडा-पारितोषिक समारंभाच्या वेळी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस हॉकीवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. हॉकी म्हटले की मेजर ध्यानचंद यांचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांचे गुणगान आपण पुष्कळ ऐकलेले आहे. आज आम्ही भारतीय संघातील अशा मंडळींविषयी बोलणार आहो की, ज्यांचे काम उत्तम वठले असता धावफलकावर त्याची खूण म्हणून केवळ एक शून्य उरते. आमचा रोख गोलरक्षकांकडे आहे.

१९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. ही संख्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्याच पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, ही गोष्ट कितीजणांस ठाऊक असेल? गोलात उभा होता रिचर्ड ॲलन. त्याचा जन्म १९०२ सालचा, आणि तोही आपल्या नागपूरचा. १९२८, १९३२ व १९३६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्याच्यावर अवघे दोन गोल झाले. त्यांतील एक १९३२ साली लॉस एंजेलिस येथे अमेरिकेविरुद्ध झाला. तो सामना भारताने २४-१ असा जिंकला. ॲलन त्या क्षणी गोलामागे जाऊन प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होता, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, गंमत अशी की तीन सुवर्णपदकांच्या या मानकऱ्याची लोकांना आठवण राहिली तर ती त्या एका चुकलेल्या चेंडूपुरती! झालेला गोल जन्मभर पाठीस लागतो आणि अडवलेला त्याच संध्याकाळी विसरला जातो, असा या जागेचा विचित्र हिशेब आहे.

त्या काळी तोंडावर जाळी नव्हती, डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. पायांना पॅड, हातांत मोजे आणि समोरून येणारा टणक चेंडू! अशा साधनांनिशी ज्याने मोठमोठे सामने तारले, त्या शंकर लक्ष्मण यांच्यापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहो.

ते १९३३ साली महूजवळ जन्मले आणि १९४७ मध्ये वाद्यवृंदातील पोऱ्या म्हणून सैन्यात शिरले. त्यांची पलटण मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे आपल्या घरच्याच नात्याची. आरंभी ते फुटबॉल खेळत, हॉकीकडे पुढे वळले. १९५६ साली मेलबर्नच्या अंतिम सामन्यात त्यांनी पाकिस्तानला गोल करू दिला नाही. भारत १-० ने जिंकला, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. १९६० साली रोमला मात्र नसीर बुंदा यांचा एक चेंडू आत गेला. १९२८ पासून अजिंक्य असलेला भारत ऑलिंपिकमध्ये प्रथमच हरला. एकच गोल, पण आपल्या आघाडीच्या फळीला त्या दिवशी एकही करता आला नाही, हे सांगणारे थोडेच!

पुढे १९६४ साली टोकियोस पुन्हा तीच गाठ पडली. मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. त्यानंतर पाकिस्तानने हल्ल्यांमागून हल्ले चढवले. लक्ष्मण यांनी ते सारे परतवले आणि सुवर्णपदक परत आले. विजयाचा गोल मोहिंदर लालांच्या नावे नोंदला गेला, तो यथार्थच. पण तो शेवटपर्यंत विजयाचा ठरला तो लक्ष्मण यांच्यामुळे. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते. गोलरक्षकाकडे भारतीय संघाचे नेतृत्व जाण्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि तेथेही सुवर्ण! अर्जुन पुरस्कार व पद्मश्री त्यांना लाभली खरी, परंतु उतारवयातील कष्ट काही त्यांना चुकले नाहीत. पायाला गँगरीन होऊन २००६ साली महू येथे त्यांचे निधन झाले. ही हकीकत वाचताना आमचे मन विषण्ण होते.

मात्र त्याहून कठोर भोग मीर रंजन नेगी यांच्या वाट्यास आला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ ने हरवले, आणि गोलरक्षक नेगी यांनी सामना विकला अशी हाकाटी झाली. पुरावा कसलाही नव्हता. अहो, सात वेळा चेंडू गोलापर्यंत पोहोचतो, तेव्हा वाटेत दहा खेळाडू उभे असतातच ना? त्यांना कोणी जाब विचारला नाही. आम्हांस वाटते, जमावाला पराभवासाठी एकच मान हवी असते आणि गोलात एकटा उभा असलेला माणूस चटकन हाती लागतो.

नेगी मात्र खेळापासून दूर राहिले नाहीत. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. अंतिम सामना कोरियाशी बरोबरीत सुटला, मग पेनल्टी स्ट्रोक आले, आणि आशिष बल्लाळ यांनी ते अडवून सामना जिंकून दिला. कर्णधार आपल्या खडकीचे धनराज पिल्ले. आशियाई सुवर्णपदक ३२ वर्षांनी आले होते. त्यापूर्वीचे १९६६ चे, म्हणजे शंकर लक्ष्मण यांच्याच नेतृत्वाखालचे.

हल्ली वारे थोडे पालटले आहे. श्रीजेश यांनी २०२१ साली टोकियोस जर्मनीविरुद्ध अखेरच्या क्षणी पेनल्टी कॉर्नर अडवला, आणि ४१ वर्षांनी भारताला हॉकीचे ऑलिंपिक पदक मिळाले. आनंदाच्या भरात ते गोलाच्या आडव्या दांडीवर जाऊन बसले. ते छायाचित्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. २०२४ मध्ये पॅरिसच्या कांस्यपदकानंतर ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा १६ क्रमांकाचा सदरा वरिष्ठ संघात दुसऱ्या कोणास देऊ नये, असे ठरले.

आता पारितोषिके वाटावयाची आहेत. यादीत सर्वाधिक गोलांसाठी चषक आहे. गोलरक्षकासाठी काही दिसत नाही. पुढील वर्षापासून त्याच्यासाठीही एक चषक असावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवतो, आणि त्याचा पहिल्या वर्षाचा खर्च आमच्याकडे लागू समजावा.